मिरचीच्या पथारीवर स्की

दोन हजार सतरा साल. त्या वर्षी पाऊस गणपतीतच आटोपला होता, आणि ऑक्टोबरात शिंदखेड्याकडे असं ऊन पडलं होतं की कॉलेजच्या मैदानातल्या दगडी पायऱ्यांवर दुपारी बसवत नव्हतं. त्याच महिन्यात, त्याच कॉलेजात, बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतीसाठी तीन मुलींचा संघ तयार झाला. तो कसा झाला हे सांगायचं तर हेडक्लार्क रुपचंदभाऊंपासून सुरुवात करावी लागते.

रुपचंदभाऊंची नोकरी एकतीस वर्षांची आणि शुद्धलेखनावर त्यांचा जीव. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी ते ऱ्हस्वदीर्घ बघत. वाण्याच्या पाटीवरचा ‘कीराणा’ त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दुरुस्त केला होता. एकदा तर कुणाच्या तरी दशक्रियेचं पत्र लाल शाईनं तपासून त्यांनी परत पाठवलं, आणि त्या घरानं दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाऊंना त्याचं काही वाटलं नाही. पत्रात चुका सात होत्या.

तर विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी नावं भरायची होती, तीही कॉम्प्युटरवर. भाऊंनी खेळांची यादी उघडली. ‘क्रॉस कंट्री (पुरुष)’ दिसलं. त्याच्या खाली ‘क्रॉस कंट्री (स्की)’. भाऊ थांबले, चष्मा वर केला आणि हसले. पुढच्या पानावर ‘क्रॉस कंट्री (महिला)’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण पुढचं पान उघडायची त्यांना गरजच वाटली नाही. त्यांनी ‘स्की’पुढे खूण केली, तीन मुलींची नावं भरली आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: ‘स्की’ऐवजी ‘स्त्री’ असे दुरुस्त करून वाचावे.

आठ दिवसांनी खेळाचे प्रेमराज सर हातात एक कागद फडफडवत ऑफिसात आले.

“भाऊ, हे काय भरलं तुम्ही?”

“काय भरलं? क्रॉस कंट्री. शेतातून, रस्त्यातून पळायची शर्यत. तुम्हीच नावं दिली.”

“कंसात काय आहे?”

“स्की. म्हणजे स्त्री. टायपिंगची चूक. मी खाली दुरुस्ती दिलीय.”

“भाऊ, ती चूक नव्हती! स्की म्हणजे स्कीच! पायाला लांब फळ्या बांधतात अन्‌ बर्फावरून घसरत जातात, ते!”

रुपचंदभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“असा शब्द मराठीत नाही,” ते म्हणाले.

प्रेमराज सर मटकन खुर्चीत बसले. एके काळी ते धुळ्याकडून कबड्डी खेळायचे. आता वजन शंभराला टेकलं होतं, आणि बर्फ त्यांनी आजवर फक्त रसवंतीवर पाहिला होता. त्यांनी विद्यापीठात फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलला. पळण्याची यादी कालच बंद झाली होती. स्कीतून नावं काढली तर नियमाप्रमाणे त्या मुलींना यंदा कुठल्याच खेळात उतरता येणार नव्हतं. “आणि सर, अभिनंदन!” तो म्हणाला. “आपल्या विद्यापीठातून स्कीला तुमचा एकच संघ आलाय. हिमाचलचे प्रशिक्षक येणार आहेत. निवड चाचणी धुळ्यात, पंधरा नोव्हेंबरला. तोवर हंगामाआधीचा सराव चालू ठेवा.”

“कसला हंगाम?” सरांनी विचारलं.

“बर्फाचा,” तो म्हणाला.

ही बातमी तीन मुलींना मैदानावर कळली. पुनम इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दिपमालेनं “सर, तिकडं पडलं तर लागतं का हो?” एवढंच विचारलं. ज्योत्स्ना मात्र हसली नाही.

ज्योत्स्ना शेवटच्या वर्षाला होती. बारावीत असताना याच कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिनं एक दृश्य पाहिलं होतं. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, पोरी मांडवात सतरंजीवर, आणि वरच्या वर्गातली एक मुलगी मात्र प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीवर. अंगात विद्यापीठाचा निळा ब्लेझर, खिशावर सोनेरी बिल्ला. पाहुण्यांनी आपला चहा आधी तिच्यापुढे सरकवला. त्या दिवसापासून ज्योत्स्नाला तो ब्लेझर हवा होता. पहिल्या वर्षी ऐन शर्यतीत चिकनगुनिया झाला. दुसऱ्या वर्षी ती पाचवी आली आणि संघात चारच जणी घेतल्या. आता हे शेवटचं.

“सर,” ती म्हणाली, “स्कीत निवड झाली तर ब्लेझर मिळतो?”

“मिळतो ना. विद्यापीठाकडून खेळलं की मिळतोच.”

“तोच? निळा?”

“तोच.”

“मग शिकवा.”

“अगं, मलाच येत नाही!”

“मग सोबत शिकू.”

सरांनी मोबाइलवर चित्रफिती पाहिल्या. बर्फ पडायच्या आधी ते लोक स्कीला चाकं लावून डांबरी रस्त्यावर सराव करतात, हे त्यांना कळलं. हातात दोन काठ्या असतात आणि त्या टोचून पुढे सरकायचं. एवढ्या माहितीवर ते जीवराम मिस्त्रींकडे गेले. जीवराम मिस्त्री पंचक्रोशीत पाळण्यांसाठी प्रसिद्ध. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ धरून फळी नीट पाहिली.

“सर, हाई पायम्हा घालानं शे का यानावर निजानं शे?”

“पायात घालायचं, आप्पा. खाली चाकं पाहिजेत.”

“बेअरिंग लाई दिसू. काय मोठं काम नही.”

चार दिवसांत सहा फळ्या तयार झाल्या. काम चोख होतं. जुन्या ट्रॅक्टरची बेअरिंगं, वर चपलांचे पट्टे. फक्त पुढचं वळलेलं टोक मिस्त्रींना रिकामं बघवलं नव्हतं. तिथे त्यांनी प्रत्येक फळीवर एकेक लाकडी पोपट बसवला होता. हिरवा, चोच लाल.

“आप्पा, पोपट कशाला?”

“मोकळं बरं नही दिखस,” मिस्त्री म्हणाले. “आन पोरीसनं शे ना?”

काठ्यांचा प्रश्न दिपमालेनं सोडवला. तिच्या घरी बैल हाकायच्या पराण्या होत्या, बांबूच्या, टोकाला लोखंडी आर बसवलेल्या. डांबरात ती आर अशी रुतायची की जणू याच कामासाठी केली होती. राहिला ब्रेक. चाकांच्या स्कीला ब्रेक नसतो हे पहिल्याच दिवशी उतारावर कळलं. मग सरांनी युक्ती काढली. तिघींच्या कमरेला एकामागे एक एकच दोर बांधायचा, आणि शेवटचं टोक सरांच्या हातात. थांबायचं झालं की सर खाली बसत. शंभर किलो खाली बसले की संघ थांबे.

अशा रीतीनं हंगामाआधीचा सराव सुरू झाला. सकाळी सातला कालव्याच्या कडेचा रस्ता. पुढे पुनम, मग दिपमाला, मग ज्योत्स्ना, आणि मागे दोर धरून पळणारे सर. पुनमला हसू आलं की तिचे गुडघे ढिले पडत. वेग वाढला की दिपमाला डोळे मिटून घेई. रस्त्यानं जाणारे आबा-नाना सायकली थांबवून बघत. “पोरीस्ले लाकडं बांधेल शेतस,” एक जण दुसऱ्याला सांगे, “आन मास्तरले दोर.” पण दहाव्या दिवशी तिघी न पडता अर्धा किलोमीटर गेल्या, आणि ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा तेज आलं.

अकराव्या दिवशी पुढे अमृत नानांची बैलगाडी होती.

गाडी रिकामी होती. अमृत नाना तिच्यात पाय पसरून डुलकी घेत होते, कारण बैलांना रस्ता पाठ होता. कालव्यावरून उतारानं खाली, मग डावीकडे मिरचीच्या पथारीवर. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. तिथून पोती भरून न्यायची हे त्यांचं रोजचं काम. उतारावर संघ गाडीच्या मागे आला. सहा पराण्या डांबरावर टक-टक, टक-टक वाजू लागल्या. आता आयुष्यभर ज्यांनी एका पराणीचा धाक सोसला, त्या बैलांना मागून एकदम सहा ऐकू आल्या. त्यांनी मान वळवून पाहिलं. मग त्यांनी विचार केला नाही.

गाडी उधळली. त्याच क्षणी पुनम गाडीवर आदळणार होती म्हणून तिनं पराण्या टाकून गाडीची मागची फळी धरली.

“पुनम, सोड! सोड!” ज्योत्स्ना ओरडली.

“सोडलं तर पडेल ना मी!”

“सर, बसा!”

सर बसले. पण ही ताकद बैलजोडीची होती. सर बसल्या बसल्या येऊ लागले. अमृत नाना जागे झाले. त्यांनी मागे वळून पाहिलं. गाडीला एक मुलगी लोंबकळलेली, तिच्यामागे डोळे मिटलेली दुसरी, मग तिसरी, सगळ्यांच्या पायांत पोपट, आणि सगळ्यांत शेवटी धुरळ्यात बसून येणारे कॉलेजचे सर.

“काय व्हयनं? कोन मरनं?” नाना ओरडले.

“सराव शे, नाना!” दिपमाला डोळे न उघडता म्हणाली.

बैल रोजच्यासारखे डावीकडे वळले आणि रोजच्यासारखे पथारीच्या काठावर थांबले. पुनमचा हात सुटला. बैल थांबले, संघ थांबला नाही. समोर दोन एकर लाल मिरची वाळत पडली होती, वीतभर जाड. त्या मिरचीवर चाकं फिरायची बंद झाली आणि फळ्या घसरू लागल्या. अशा सुरेख घसरल्या की चित्रफितीतही तसं कुणी घसरत नव्हतं. तीन मुली, सहा पोपट आणि एक सर त्या लाल रानातून सरळ रेघा ओढत गेले आणि पलीकडच्या ढिगात जाऊन बसले.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग ढिगातून पहिली शिंक आली. मग दुसरी. मग सरांची, आणि तिनं बैल पुन्हा दचकले.

पथारीवर चाळीस बाया देठं खुडत होत्या. त्यांची मुकादम होती सुंदरबाई, ज्योत्स्नाची आई. ती कमरेवर हात ठेवून उठली.

“ज्योत्स्ना! हाई काय शे व?”

“सराव... आँक्‌छी... सराव शे, माय.”

“कसाना?”

“बरफना.”

सुंदरबाईनं एकदा वर उन्हाकडे पाहिलं, एकदा खाली मिरचीकडे.

“बरफना सराव मिरचीवर?”

चाळीस बाया हसू लागल्या. हसता हसता श्वास आत गेला आणि मग चाळीस बाया शिंकू लागल्या.

पथारीचे मालक भूपेंद्र शेठ पळत आले. त्यांचा संताप खरा होता. तीन लांब पट्टे मिरची तुडवली गेली होती. पण शिव्या द्यायला तोंड उघडलं की शिंक यायची, त्यामुळे शिव्या अर्ध्याच राहिल्या. शेवटी त्यांनी निकाल दिला. माल तुडवला ना? रविवारी सगळ्यांनी येऊन देठं खुडायची.

“आन ज्यानी तो फारम भरा, त्याले बी आना,” सुंदरबाई म्हणाली.

रविवारी रुपचंदभाऊ धोतर सावरत मिरचीच्या ढिगापुढे बसले. देठं खुडायचं काम त्यांनी शुद्धलेखनासारखंच केलं. एकही देठ राहू दिलं नाही आणि दुसऱ्यांनी खुडलेल्या मिरच्या उलटसुलट करून तपासल्या. बेबाबाई म्हणून एक म्हातारी त्यांच्या शेजारी होती. ती म्हणाली, “भाऊ, देखी ल्या नीट. आठे पथारीवर चाळीस स्त्री बसेल शेतस. स्की एक बी नही.”

भाऊंनी मान खाली घातली आणि चुकून तोच हात डोळ्याला लावला. पुढचा पाऊण तास ते पाण्याच्या टाकीपाशी होते.

ज्योत्स्ना आईच्या शेजारी बसली होती. सुंदरबाईचा हात झरझर चालला होता.

“बस व्हयनं आते,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “उद्यापाईन ती लाकडं बंद. बठ्ठं गाव हासी राहिनं.”

“तीन दिनवर चाचणी शे, माय.”

“काय भेटस त्यामां?”

ज्योत्स्नानं ती खुर्ची, तो चहा, तो निळा ब्लेझर, सगळं सांगितलं. तीन वर्षांत ती हे घरी कधी बोलली नव्हती. सुंदरबाईचा हात थांबला नाही. वीस वर्षं ती या पथारीवर येत होती. मुकादम झाली तरी खुर्ची शेठची आणि गोणपाट तिचं. दहा-बारा मिरच्या खुडून झाल्यावर ती म्हणाली, “पाहुना सवता चहा दे?”

“सवता.”

“मंग खुड लवकर. आन उद्या त्या बैलेसना रस्तावर जाऊ नको.”

पंधरा नोव्हेंबरला संघ एस.टी.नं धुळ्याला निघाला. कंडक्टरनं सहा फळ्या, सहा पोपट पाहिले आणि प्रेमानं विचारलं, “पाळणे कुठं नेता, सर? बारसं कोणाचं?” सर सीटच्या कडेवर जपून टेकले. गाडीमागे बसून फरफटल्यापासून आदल्या दिवसापर्यंत ते उभ्यानंच जेवत होते.

चाचणी धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी होती. मोठ्या शहरांतल्या दुसऱ्या विद्यापीठांचे आठ संघ आले होते. त्यांच्या मुलामुलींचे काळे चष्मे, घट्ट कपडे आणि परदेशी स्की बघून दिपमालेनं उभ्या उभ्या डोळे मिटले. पुनमला हसूसुद्धा आलं नाही. ज्योत्स्नानं आपल्या फळ्या दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. त्यामुळे पोपट जास्तच दिसू लागले.

हिमाचलचे प्रशिक्षक बुटके, गोरे, सुरकुतलेले गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. पोपटांपाशी ती जरा थांबली. “बहुत सुंदर काम है,” ते म्हणाले. मग शिट्टी वाजवून म्हणाले, “अच्छा बच्चो, अब सब लोग स्की नीचे रख दो।”

परदेशी स्की एकेक करून खाली टेकल्या.

“सीज़न को अभी महीना बाकी है। बर्फ कहाँ है? स्की तो मैं वहाँ दस दिन में सिखा दूँगा। साँस और टाँगें नहीं सिखा सकता। अभी तो सिर्फ दौड़ना है। वो ऊपर किला दिख रहा है? तीन बार ऊपर, तीन बार नीचे।”

प्रेमराज सरांनी कसंबसं विचारलं, “म्हणजे... साहेब, मतलब... क्रॉस कंट्री?”

“और क्या? पहाड़ पर क्रॉस कंट्री। हम लोग गर्मी भर यही करते हैं।”

ज्योत्स्नानं फळ्या खाली ठेवल्या, ओढणी कमरेला बांधली आणि शिट्टीची वाट बघत उभी राहिली. पहिल्या चढणीला घट्ट कपडे पुढे होते. दुसऱ्या चढणीला त्यांनी काळे चष्मे काढले. उन्हात तापलेल्या त्या दगडांवर ज्योत्स्ना मात्र रोजच्या बांधावरून जावी तशी जात होती. तिसऱ्यांदा ती खाली आली तेव्हा तिच्यामागची मुलगी अजून किल्ल्याच्या अर्ध्यावर होती. पुनम सहावी आली, दिपमाला नववी, आणि तीही डोळे उघडे ठेवून. प्रशिक्षकांनी वहीत पहिलं नाव लिहिलं आणि विचारलं, “बेटी, ऐसी ट्रेनिंग किसने दी?”

ज्योत्स्ना सरांकडे बघू लागली. सर आकाशाकडे बघू लागले.

सरांनी तिथूनच कॉलेजात फोन केला. “भाऊ, निवड झाली! ज्योत्स्ना पहिली! आणि गंमत म्हणजे, स्की नव्हतीच. पळायचंच होतं!”

पलीकडून रुपचंदभाऊंचा संथ आवाज आला.

“सर, मी काय भरलं होतं? मुलींनी पळायचं. त्या पळाल्या. शेरा कुणी वाचतच नाही, त्याला मी काय करू?”

त्या जानेवारीत ज्योत्स्ना हिमाचलला गेली. बर्फावर ती एकंदर एकोणतीस वेळा पडली आणि त्रेचाळीस जणींत एक्केचाळिसावी आली. तिच्यामागे दोघी होत्या, हे ती अजून अभिमानानं सांगते. फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनात तिला निळ्या ब्लेझरमध्ये खुर्चीवर बसवलं. ऊन तेव्हाच चढलं होतं, ती घामानं थबथबली, पण बटण एकही उघडलं नाही. पाहुण्यांनी चहा सरकवला नाही. सुंदरबाई मागे बायांत उभी होती. ती तरातरा पुढे आली, ट्रेमधला कप उचलला आणि आपल्या हातानं लेकीपुढे ठेवला. पाहुणे गडबडीनं उठले आणि त्यांनी सुंदरबाईला स्वतःची खुर्ची दिली. ती बसलीसुद्धा.

रुपचंदभाऊ दुसऱ्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या मानपत्रात त्यांनी चार चुका काढल्या आणि ते दुरुस्त होऊन येईपर्यंत स्वीकारलं नाही. आता गावातल्या सगळ्या लग्नपत्रिका छापखान्यातून आधी त्यांच्याकडे जातात.

प्रेमराज सरांनी वीस किलो वजन उतरवलं. ते आता चढणीवर मुलांच्या पुढे पळतात आणि दोर पाहिला की बाजूला होतात. जीवराम मिस्त्रींच्या फळ्या प्राचार्यांनी काचेच्या कपाटात लावल्या होत्या. तपासणीला आलेल्या समितीनं त्या आदिवासी लोककला म्हणून नोंदवल्या आणि कॉलेजला चांगला शेरा दिला. मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले. पुनम भुसावळला रेल्वेत नोकरीला आहे, स्टेशनात गाड्यांच्या सूचना देते. मधेच हसू येतं म्हणून तिच्या दोन सूचना अर्धवट राहिल्याचं सांगतात. दिपमालेनं धुळ्यात गाडी शिकवायचे क्लास काढलेत. अमृत नानांनी बैल विकले नाहीत, पण पराणी कायमची सोडली. नुसतं डांबरावर काठी आपटली तरी जोडी घरापर्यंत थांबत नाही, असं ते म्हणतात.

ज्योत्स्ना वनखात्यात लागली, तिकडे सातपुड्यात तोरणमाळच्या बाजूला. रोज आठ-दहा मैल डोंगर चढते-उतरते. परवाच्या थंडीत तिनं सकाळी सकाळी पथारीवर फोन लावला.

“माय, रातले इतलं थंडं पडनं की गवतवरना दव गोठी गया. बठ्ठं पांढरं शे. देखाले ये ना.”

“पांढरं मी काय देखू?” सुंदरबाई म्हणाली. “माले आठे दोन एकर लाल देखनं शे.”

मग तिनं फोन कानापासून जरा दूर धरला, पथारीवरच्या बायांना लेकीची बातमी जोरात सांगितली, “मनी आंडेर बरफवर उभी शे!” आणि दुपारच्या गाडीची वेळ विचारायला कुणाला तरी स्टँडवर पाठवलं.